डोळ्याचा पडदा पुन्हा सुटला? तेल आणि गॅसचं ऑपरेशन काय असतं, जाणून घ्या

रेवदंडा : पडद्याचं ऑपरेशन होऊनही साधारण दहापैकी एखाद्याचा पडदा पुन्हा सुटतो. अशा वेळी 'आता काही होणार नाही' म्हणून घरी बसू नका. वेळेत गेलात तर तो बहुतेकदा पुन्हा बसवता येतो.

पुन्हा का सुटतो?
डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला चिकटलेला पातळ पडदा म्हणजे रेटिना. त्याला भोक पडलं की पाणी मागे शिरतं आणि पडदा सुटतो. ऑपरेशननंतर काहींच्या पडद्यावर चिवट पापुद्रा धरतो. तो आकसून पडदा ओढतो. हे बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं.

ऑपरेशनमध्ये काय करतात?
डोळ्यातली जेली आणि पापुद्रा काढतात, भोकाभोवती लेझर करतात. पडदा पक्का चिकटेपर्यंत त्याला आतून टेकू लागतो. त्यासाठी गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात.

गॅस : प्रकारानुसार दोन ते आठ आठवड्यांत आपोआप विरतो. तोपर्यंत विमानप्रवास बंद. खंडाळा, महाबळेश्वरसारखा घाट चढण्याआधीही डॉक्टरांना विचारा. उंचावर गॅस फुगतो, डोळ्याचा दाब वाढतो आणि नजर जाऊ शकते. दुसरं कुठलं ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना गॅसबद्दल आधी सांगा.

तेल : पुन्हा सुटलेल्या पडद्याला बहुधा तेलच भरतात. ते विरत नाही. साधारण तीन ते सहा महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून काढावं लागतं. 'बरं दिसतंय' म्हणून ते तसंच ठेवू नका. काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो, बुबुळ खराब होऊ शकतं. तारीख पावसाळ्यात येत असेल तर मांडवा-गेटवे बोट बंद असते, हे धरून जाण्याची सोय करा.

घरी काय पाळायचं?
डॉक्टर सांगतील तितके दिवस मान खाली किंवा सांगितलेल्या कुशीवर. गॅस आणि तेल वर तरंगतात, म्हणून डोकं कसं ठेवता यावर टेकू कुठे लागणार ते ठरतं.

लगेच कधी जायचं?
डोळ्यात वीज चमकल्यासारखं होणं, अचानक काळे ठिपके, एका बाजूने सावली सरकत येणं. पडदा सुटताना दुखत नाही, म्हणून थांबू नका. ऑपरेशन झालेला डोळा जोरात दुखला तरी त्याच दिवशी दाखवा.

आधी अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठा आणि पडद्याच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा. मुंबईत जे.जे., केईएममध्ये नेत्रविभाग आहेत. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दोन्ही ऑपरेशनं बसतात का, ते आरोग्यमित्राला विचारा.