बाटलीतला मुलूख

जून १९०७. दक्षिण फ्रान्समधल्या नारबोन शहरात द्राक्षबागायतदारांच्या आंदोलनावर सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसं गेली. गाऱ्हाणं साधं होतं: साखर-पाणी घालून वाढवलेल्या वाइनमुळे आमच्या मालाला भाव नाही. त्याच महिन्यात कायदा झाला, पण चोर पकडणार कसा? साखर आंबली की तिचं अल्कोहोल होतं, अगदी द्राक्षासारखंच.

फरक सापडायला १९८० चं दशक उजाडलं. नांत विद्यापीठात जेरार आणि मारिव्हॉन मार्तँ यांनी अल्कोहोलमधला जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, कुठे आणि किती बसलाय ते मोजलं. बीटच्या साखरेत तो द्राक्षापेक्षा कमी. आपल्या उसाच्या साखरेत जास्त!

पुढे वाइनच्या पाण्यातला जड ऑक्सिजनही मोजू लागले. उष्ण, कोरड्या मुलखात पाण्याची वाफ जास्त होते, म्हणून तिथल्या द्राक्षात तो अधिक. पण हवामान दरवर्षी निराळं. तेव्हा १९९१ पासून युरोपीय देश दर हंगामात खात्रीच्या बागांतली द्राक्षं तोडून वाइन करतात आणि आकडे सामायिक डेटाबँकेत भरतात. (डेटाबेसवर पोट असलेल्या माझ्यासारख्याला खरी मेहनत इथे दिसते.) संशयित बाटली मग त्याच वर्षाच्या, त्याच भागाच्या आकड्यांशी ताडून बघतात.