पगारातले दोनशे रुपये

पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला व्यवसाय कराचे 200 रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत 300. रमजानमध्ये जकातीचा पैपैचा हिशोब करणारे आपलेच काही लोक या कपातीवर मात्र कुरकुरतात. "आम्ही कमवायचं आणि सरकारनं वाटायचं, हा कुठला न्याय?" या प्रश्नाचे उत्तर या कराच्याच इतिहासात आहे.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातली खेडी उघड्यावर आली. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत, माती वाहत होती. त्यांत कालपर्यंत स्वतःची जमीन कसणारेही होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर गेली. पण पैसा कुठून आणायचा? 1975 मध्ये व्यवसाय कर आला. त्याच्या जोडीला वाहनांवर, शहरांतल्या बिगर-निवासी इमारतींवर आणि बागायती जमिनीवर जादा आकारणी झाली. जमेल तेवढीच रक्कम राज्य सरकारनेही घालायची होती.

यातली बागायतीवरची आकारणी मला फार बोलकी वाटते. पाटाचे पाणी एका शिवारात आले, शेजारच्या शिवारात आले नाही. दुष्काळात एकाचा ऊस उभा राहिला आणि दुसरा खडी फोडायला गेला. यात पहिल्याचे कष्ट होतेच, पण पाणी त्याने निर्माण केले नव्हते.

इस्लामी शरीअतमध्ये शेतीच्या उत्पन्नावर जो उश्र आहे, त्यातही हाच विचार दिसतो. पावसाच्या किंवा ओढ्याच्या पाण्यावर पीक आले तर दहावा हिस्सा द्यायचा, मोट ओढून पाणी दिले असेल तर विसावा. कष्टाला सूट आहे आणि आयत्या मिळालेल्यावर जास्त भार आहे. जकातीला जशी निसाबची मर्यादा, तशी व्यवसाय करालाही किमान पगाराची मर्यादा आहे. जकात ही इबादत आहे आणि कर हा राज्याचा कायदा, हा फरक आहेच. पण न्यायाची समज एकच आहे. कुरआननेही श्रीमंतांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क सांगितला आहे, उपकार नव्हे.

महाराष्ट्राने हा हक्क कायद्यात लिहिला. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाहीतर रोज एक रुपया बेकारी भत्ता. भत्ता तुटपुंजा होता, निधी नीट खर्च होत नाही अशी टीकाही झाली. तो जाब सरकारला जरूर विचारावा. पण जाब निधीच्या वापराचा विचारावा, मजुराच्या हक्काचा नव्हे. खडी फोडणारी बाई भीक मागत नव्हती, काम मागत होती.