स्नूकर : जबलपूरच्या मेसपासून घरच्या कन्सोलपर्यंत

प्रस्तावना

अशी कल्पना करा की जबलपूरच्या विजय नगरमधील एका घरात तुम्ही सुट्टीच्या दुपारी टीव्हीसमोर बसला आहात. हातात कन्सोलचा कंट्रोलर आहे आणि पडद्यावर हिरवे टेबल. तुम्ही पांढऱ्या चेंडूचा नेम धरता, बटण दाबता, लाल चेंडू खिशात जातो आणि एक गुण मिळतो. मग काळा चेंडू, त्याचे सात गुण. पडद्यावरचे प्रेक्षागृह बहुधा इंग्लंडमधले असते, कारण जागतिक स्पर्धा 1977 पासून शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये भरते. पण या खेळाच्या जन्माची सर्वमान्य कथा तुमच्याच शहराच्या छावणीत घडते. ती कथा कितपत विश्वासार्ह आहे आणि हा खेळ नेमका कोणाचा, हे दोन प्रश्न आपण या पाठात पाहू.

पार्श्वभूमी : जबलपूर

अठराव्या शतकाच्या शेवटी जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे आले. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. 1870 मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूरमार्गे पूर्ण झाला. त्यामुळे छावणीचे महत्त्व वाढले. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बिलियर्ड्सचे टेबल असे आणि पावसाळ्यातील लांबलचक दुपारी त्याच टेबलावर जात.

1875 ची कथा

डेव्हनशायर रेजिमेंटमधील नेव्हिल चेंबरलेन तेव्हा 19 वर्षांचा होता. (पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला नेव्हिल चेंबरलेन वेगळा. परीक्षेत ही गल्लत करू नका.) त्या काळी 15 लाल चेंडूंचा ‘पिरॅमिड्स’ आणि पैजेचा ‘ब्लॅक पूल’ हे खेळ रूढ होते. चेंबरलेनने दोन्ही एकत्र केले आणि आणखी रंगीत चेंडू वाढवले. वूलिचच्या लष्करी अकादमीत नवख्या विद्यार्थ्याला ‘स्नूकर’ म्हणत. एका सहकाऱ्याचा सोपा फटका चुकला, तेव्हा चेंबरलेनने त्याला याच नावाने चिडवले. मग या खेळात आपण सगळेच नवखे, असे म्हणून ते नाव खेळालाच दिले. 1882 मध्ये उटीच्या क्लबात नियम लिहून लावण्यात आले. 1885 मध्ये बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स भारतात आला असता त्याने चेंबरलेनकडून हा खेळ समजून घेतला, असे सांगतात.

साधनांची चिकित्सा

या कथेचा मुख्य आधार कोणता? स्वतः चेंबरलेनने 1938 मध्ये ‘द फील्ड’ या नियतकालिकाला लिहिलेले पत्र. घटना आणि पत्र यांत 63 वर्षांचे अंतर आहे. लिहिणारा 82 वर्षांचा आहे आणि श्रेय त्याला स्वतःलाच मिळणार आहे. म्हणून कथा खोटी ठरत नाही, पण हे साधन समकालीन नोंद नसून आठवण आहे, हे लक्षात ठेवा. रेजिमेंट तेव्हा कुठे होती हे लष्करी नोंदींवरून तपासता येते. मेसमधील थट्टेचा शब्द मात्र कोणत्याच दप्तरात सापडणार नाही. म्हणून ‘स्नूकर जबलपूरमध्ये जन्मले’ असे लिहिण्यापेक्षा ‘चेंबरलेनच्या कथनानुसार जन्मले’ असे लिहिणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभते.

खेळ कोणाचा?

मेसमध्ये भारतीयांना खेळाडू म्हणून स्थान नव्हते. त्याच 1875 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याचे सदस्यत्वही केवळ युरोपीयांसाठी होते. टेबल पुसणारे, गुण मांडणारे ‘मार्कर’ अनेकदा भारतीय असत, पण चेंबरलेनच्या कथेत त्यांचे एकही नाव नाही.

हे दार हळूहळू उघडले. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले. 1984 मध्ये ओम अग्रवाल डब्लिनमध्ये स्नूकरचे जागतिक हौशी विजेते झाले. 2003 मध्ये हाच किताब पंकज अडवाणी यांनी चीनमध्ये जिंकला. त्यांचाही जन्म पुण्याचा. तरीही पूर्ण आकाराचे टेबल 12 फूट लांब, 6 फूट रुंद आणि पाटीच्या दगडामुळे एक टनाहून जड असते. दोन खोल्यांच्या घरात ते मावत नाही आणि क्लबाचे शुल्क सर्वांना परवडत नाही.

टेबल पडद्यावर येते

1980 च्या दशकात घरगुती संगणकांवर स्नूकरचे खेळ आले. 1991 च्या ‘जिमी व्हाइट्स व्हर्लविंड स्नूकर’मध्ये टेबल त्रिमितीत, कोणत्याही कोनातून पाहता येऊ लागले. 2019 मध्ये ‘स्नूकर 19’ कन्सोलवर आला. चेंडूंची टक्कर आणि फिरकी हे सारे गणितच असल्याने संगणकाला ते जमते. 15 लाल, प्रत्येकामागे काळा आणि शेवटी सहा रंग, मिळून 147 गुणांचा हिशोब तुम्ही घरबसल्या शिकता. क्यू धरलेल्या हाताचा सराव मात्र कंट्रोलरवर होत नाही.

समारोप

मेसचे जे दार तुमच्या पणजोबांना बंद होते, त्याच्या आतला खेळ आज तुमच्या घरात आहे. पण क्रूसिबल दाखवणारा पडदा जबलपूर दाखवेलच असे नाही. ते दाखवणे आपले काम आहे, आणि ते दाखवताना पुराव्यापेक्षा मोठा दावा न करणे हेही आपलेच काम.

स्वाध्याय

1. आठवण आणि समकालीन नोंद यांतील फरक चेंबरलेनच्या पत्राच्या आधारे स्पष्ट करा.
2. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या क्लबात किंवा जिमखान्यात पूर्वी कोणाला प्रवेश होता, याची माहिती मिळवा आणि ती कोणत्या साधनातून मिळाली ते लिहा.