दुधनीतील मलवाहिनी आणि झाडांची मुळे
अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकच्या सीमेलगतच्या दुधनीसारख्या कमी पावसाच्या गावात वड, पिंपळ आणि कडुनिंबाची मुळे ओलाव्याच्या शोधात दूर जातात, आणि घराची मलवाहिनी, म्हणजे सांडपाणी वाहून नेणारा जमिनीखालचा नळ, हा त्यांना बारमाही लाभणारा ओलावा ठरतो. असे नळ मातीचे घडवण्याची परंपरा दख्खनमध्ये जुनी असून, सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकीस (आजच्या छत्रपती संभाजीनगरास) आणलेल्या नहरींत, म्हणजे पाणी आणणाऱ्या भूमिगत वाहिन्यांतही, मातीचे नळ होते. पुढे आलेल्या चकचकीत लेपाच्या भाजलेल्या नळांचे सिमेंटचे सांधे जमीन हलताच चिरतात, त्यांतून तंतुमुळे शिरतात आणि आत जटा माजतात. त्यांवर द्राक्षबागांतले मोरचूद ओतणे सोपे, परंतु ते शौचटाकीतील मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाही मारते. म्हणून मुळे कापून सांधा बदलणेच योग्य होय.