माग, पाणी आणि गुडघे

1877 मध्ये सोलापुरात जुनी मिल सुरू झाली. तेलंगणातून विणकर येत राहिले आणि आमचा पद्मशालींचा पूर्व भाग सुतावर वाढला. माझे आजोबा खड्डामागावर बसत. पाय खड्ड्यात, पावड्या आळीपाळीने दाबायच्या, धोटा फेकायचा, हेच दिवसभर. चाळिशीतच त्यांना जिना चढताना भिंत धरावी लागे. विहिरीत उतरले की मात्र पोरासारखे वावरत.

विहिरी गेल्या, जलतरण तलाव आले. आमच्या कुलपुरुषाचं, मार्कंडेयांचं नाव असलेल्या तलावावर मी वॉटरपोलोत रमलो. तळाला न टेकता पाण्यात उभं राहायचं, त्यासाठी दोन्ही पाय गुडघ्यातून उलटसुलट गोल फिरवत ठेवायचे. खेळाची खरी ताकद त्या फिरकीत, आणि गुडघ्यावरचा ताणही तिथेच.

आता माझ्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे. ब्रेस्टस्ट्रोक सोडला, त्या लाथेत गुडघ्याची आतली बाजू ताणली जाते. मांड्यांत फोम धरून नुसत्या हातांनी पोहतो, मग छातीभर पाण्यात चालतो. तिथे देहाचा सुमारे दोनतृतीयांश भार पाणीच पेलतं. डॉक्टर मांडीचे स्नायू बळकट ठेवायला सांगतात, तेवढा व्यायाम घरी खुर्चीवर बसून करतो. गोलरक्षक पोरांना हात कसे उंच ठेवायचे, ते अजूनही पाण्यात उतरूनच दाखवतो.