फोटोवाल्याचा पोऱ्या आणि आकाशगंगा

कामगार-चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवाचून दुसरे काय बोलणार, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि ती अगदीच खोटी नाही. तथापि आज आम्ही आकाशाच्या छायाचित्रणाचा इतिहास सांगणार आहोत. हा प्रांत प्रचंड दुर्बिणींचा आणि मोठमोठ्या प्राध्यापकांचा, असे आपण धरून चालतो. त्यात एका पगारी पोराचा आणि एका जुन्या बाजारच्या भिंगाचा वाटा केवढा आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आरंभ श्रीमंत हौशी लोकांनी केला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कच्या डॉ. हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ साली लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाने त्याहून कितीतरी सरस चित्र काढले, आणि १८८८ च्या अखेरीस आयझॅक रॉबर्ट्स यांच्या २० इंची आरशाने देवयानीतील तेजोमेघाची सर्पिल घडण उघड केली. कॉमन हे सांडपाण्याच्या कामातले अभियंता, रॉबर्ट्स हे इमारतींचे कंत्राटदार. पदरी पैसा होता, म्हणून स्वतःची वेधशाळाही होती. पण त्यांची यंत्रे जागची हलण्यासारखी नव्हती, आणि त्यांतून आकाशाचा लहानसा तुकडाच दिसे. मिरवणूक कुलपाच्या भोकातून पाहावी तसा.

मिरवणूक सबंध दाखविली ती एडवर्ड एमर्सन बार्नार्ड याने. हा १८५७ साली अमेरिकेतील नॅशव्हिल गावी जन्मला. बाप जन्मापूर्वीच वारला होता. घरी अठरा विश्वे दारिद्र्य. शाळा घडली ती जेमतेम दोन महिने. नवव्या वर्षी आईने त्याला एका छायाचित्रकाराच्या दुकानात नोकरीला लावले. त्या काळी छायाचित्र मोठे करावयाचे तर सूर्यप्रकाश लागे. त्यासाठी दुकानाच्या छपरावर ‘ज्युपिटर’ नावाचे एक अगडबंब यंत्र होते. सूर्य सरकेल तसतसे ते हाताने फिरवीत राहावयाचे, एवढेच या पोराचे काम! आधीच्या पोरांना त्या कामावर झोप लागे, असे सांगतात. याला लागली नाही. या दुकानात त्याने सुमारे सतरा वर्षे काढली.

१८७६ साली त्याने ३८० डॉलरला पाच इंची दुर्बीण घेतली. ही रक्कम त्याच्या वर्षाच्या कमाईच्या सुमारे दोन-तृतीयांश होती. येथे आम्ही क्षणभर थांबतो, कारण पगाराचे हिशेब मांडण्यात आमचे आयुष्य गेले आहे, आणि अशा कमाईतला माणूस अशी खरेदी कशी करतो हे आम्हांला अजून उलगडलेले नाही. पुढच्या वर्षी नॅशव्हिलला शास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे सायमन न्यूकम या नामांकित ज्योतिर्विदाने त्याला सुनावले की, गणित येत नसेल तर या फंदात पडू नये. पोरगा खचला, पण शिकवणी लावून गणित शिकू लागला. एक धनिक नव्या धूमकेतूमागे २०० डॉलरचे बक्षीस देत असे. बार्नार्डने धूमकेतू हुडकले आणि त्या बक्षिसांवर घर बांधले!

१८८८ साली कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत त्याला जागा मिळाली. तेथली ३६ इंची दुर्बीण त्या वेळी जगातल्या भिंगाच्या दुर्बिणींत सर्वांत मोठी होती. पण आकाशगंगेची चित्रे त्याने घेतली ती विलार्ड कंपनीच्या सहा इंची भिंगाने. हे भिंग माणसांच्या तसबिरी काढण्यासाठी बनविलेले, आणि वापरून जुने झालेले होते. त्यातले मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. तारा हा बिंदू. त्याला रुंद भिंगाचा फायदा होतो. तेजोमेघ मात्र पसरलेला असतो. काचेवर तो किती उजळ उमटेल हे भिंगाची रुंदी आणि नाभ्यंतर यांच्या प्रमाणावर ठरते. तसबिरीच्या भिंगात हे प्रमाण एकास पाच होते, कारण समोर बसलेले गिऱ्हाईक फार वेळ स्थिर राहत नाही. मोठ्या दुर्बिणीत ते एकास एकोणीस होते. म्हणजे लहान भिंगाच्या काचेवर तोच तेजोमेघ दहा पटींहून अधिक उजळ, आणि सभोवारचे आकाशही कितीतरी रुंद.

ऑगस्ट १८८९ मध्ये त्याने धनू राशीतील आकाशगंगेवर तीन तासांहून अधिक वेळ काच उघडी ठेवली. घड्याळयंत्र दुर्बीण फिरवीत असले तरी ते चुकते, म्हणून तितका वेळ जोडदुर्बिणीतल्या दोऱ्यांवर एक तारा डोळ्यांनी धरून ठेवावा लागे. ज्युपिटरवर नऊ वर्षांच्या पोराने केले तेच काम हे! फक्त सूर्याच्या जागी तारा आला होता.

पुढे यर्क्स वेधशाळेत कॅथरिन ब्रूस या बाईंच्या ७,००० डॉलरच्या देणगीतून दहा इंची भिंगाचे यंत्र तयार झाले. पण यर्क्स फार उत्तरेला. आकाशगंगेचा दक्षिण भाग तेथून क्षितिजालगतच राहतो. तेव्हा १९०५ साली बार्नार्डने ते यंत्रच उचलून माउंट विल्सनवर नेले आणि सुमारे पाचशे काचा घेऊन परतला. त्यांत ठिकठिकाणी काळी भगदाडे दिसत होती. प्रथम त्यालाही ती ताऱ्यांमधली पोकळीच वाटली. पुष्कळ वर्षांनी त्याने मान्य केले की, तेथे प्रकाश अडविणारे काहीतरी आहे. १९१९ साली अशा १८२ काळ्या डागांची यादी त्याने छापली. ते धुळीचे ढग होत, आणि नवे तारे अशाच ढगांत जन्मतात, हे आज सर्वमान्य आहे. यादीतला ३३ वा डाग म्हणजे घोड्याचे मुंडके. ते १८८८ च्या एका काचेवर प्रथम हेरले विल्यमिना फ्लेमिंग यांनी, आणि या बाई हार्वर्डच्या वेधशाळाप्रमुखाच्या घरी एके काळी मोलकरीण होत्या.

बार्नार्डच्या चित्रसंग्रहाच्या ७०० प्रती निघावयाच्या होत्या. त्यांतली ३५,७०० चित्रे त्याने स्वतः तपासली. १९२३ साली तो वारला. १९२७ साली ग्रंथ निघाला तो त्याच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट हिच्या परिश्रमाने. तिचे नाव संपादकांत छापले आहे. अशी कामे करणाऱ्यांची नावे बहुधा गाळली जातात.

हे सारे जुने झाले असे समजू नये. आता काचेच्या जागी विजेचा संवेदक आला आहे, तारा धरून ठेवण्याचे काम दुसरा लहान कॅमेरा करतो, आणि शेकडो चित्रे संगणक एकावर एक रचतो. २०२२ साली ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंती या तिघा हौशी मंडळींना अवघ्या १०६ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीने देवयानीशेजारी प्राणवायूचा एक विस्तीर्ण निळा पट्टा सापडला. त्यासाठी शंभराहून अधिक तासांचा प्रकाश जमवावा लागला. देवयानीची लाखो चित्रे निघाली होती. मोठ्या वेधशाळांनाही तो दिसला नव्हता. तो तेथलाच की आपल्या आकाशगंगेतला, यावर पुढे वादही झाला.

आता आमचा प्रश्न. असे सगळे साहित्य घ्यावयाचे तर आमच्या यंत्रमाग कामगाराची कित्येक वर्षांची कमाई जाईल, आणि बारा तासांच्या पाळीनंतर जागरण कोण करणार? पण साधा कॅमेरा आणि तो आकाशाबरोबर फिरविणारे लहान यंत्र पाच-पंचवीस जणांनी वर्गणी काढून घेण्यासारखे आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांच्या बळावरच उभी आहे. शिवाय भूगोल आपल्या बाजूचा आहे. ज्या धनू-वृश्चिकासाठी बार्नार्डला अर्धी अमेरिका ओलांडावी लागली, त्या राशी महाराष्ट्रातून माउंट विल्सनपेक्षाही उंच दिसतात. वैशाखात मध्यरात्रीनंतर त्या दक्षिणेकडे चढतात. शहराच्या दिव्यांपासून मात्र बरेच दूर जावे लागेल, आणि अमावास्येच्या पुढेमागे जावे. पावसाळा लागला की चार महिने काही दिसत नाही.