गोधडी कोणाची? अलाबामातल्या एका गटाचा इतिहास वाचताना

संशोधनाचा विषय ठरवताना आपण बहुतेक जण एक सोपी वाट धरतो. ज्या संस्थेचं दप्तर नीट ठेवलेलं आहे, ठराव आहेत, हिशेबाच्या वह्या आहेत, ती संस्था घ्यायची. त्यात चूक काही नाही. पण एखाद्या गटाचा इतिहास लिहायचा, त्यातही त्या माणसांचं आपसातलं नातं लिहायचं, तर या वह्या फार लवकर गप्प होतात. मैत्रीची पावती कोणी फाडत नाही. ही अडचण कशी असते ते दाखवायला मी एक उदाहरण घेते: अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या गटाचं. गटाचं नाव फ्रीडम क्विल्टिंग बी. इथे 'बी' म्हणजे मधमाशी नव्हे. शेजारपाजारच्यांनी जमून एखादं काम मिळून उरकायचं, त्या जमण्याला तिकडे बी म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच काहीसं.

जागा आधी समजून घ्या, कारण तिच्याशिवाय पुढचं कळत नाही. विलकॉक्स काउंटी हा कापसाचा मुलूख. अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेलं जीज् बेंड हे गाव याच काउंटीत येतं. गावाला जीज् हे नाव जोसेफ जी या मळेवाल्यावरून पडलं. पुढे मळा पेटवे घराण्याकडे गेला आणि त्यांच्या गुलामांना तेच आडनाव चिकटलं. आजही तिथे पेटवे इतके आहेत की नुसत्या आडनावावरून कोण कोणाचं कोण ते ठरवता येत नाही. (वंशावळ काढायला बसलेल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.) गुलामी संपली तरी ही माणसं वाट्याने शेती करत राहिली. १९३२ मध्ये त्यांना उधार देणाऱ्या व्यापाऱ्याच्या विधवेने वसुलीसाठी गावातली अवजारं, जनावरं, धान्य सगळं उचलून नेलं. पुढे केंद्र सरकारने मळा विकत घेतला आणि कालांतराने तिथल्या कुळांना जमीन घेता आली. ही गोष्ट लक्षात ठेवा. जीज् बेंडच्या बऱ्याच कुटुंबांकडे स्वतःची जमीन होती, आजूबाजूच्या गावांत मात्र अनेक जण अजून मालकाच्या घरात राहत होते.

१९६५ च्या सुरुवातीला या काउंटीत बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते, आणि मतदार यादीत त्यांच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. नदीपलीकडच्या कॅम्डेनला, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावाला, जाणारी फेरीबोट १९६२ मध्येच बंद झाली होती. ती परत सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. मतदार नोंदणीला गेलं की मालक घर खाली करायला सांगायचा. अशा वातावरणात डिसेंबर १९६५ मध्ये फ्रान्सिस वॉल्टर हा गोरा पाद्री, नागरी हक्कांच्या कामासाठी फिरताना, एका घरासमोर थांबला. दोरीवर गोधड्या वाळत होत्या. परका गोरा माणूस दिसल्यावर घरातली बाई रानात निघून गेली, असं त्याने पुढे सांगितलं आहे. या गटाची गोष्ट सहसा इथून सुरू करतात. माझा आक्षेप इथेच आहे. पाद्र्याने गोधड्या 'पाहिल्या' म्हणून गट जन्माला आला नाही. बायका त्याच्या कितीतरी आधीपासून एकमेकींच्या घरी बसून शिवत होत्या. त्याने एकेक गोधडी १० डॉलरला घेतली, न्यूयॉर्कला लिलाव ठरवला आणि बाजाराची वाट उघडून दिली. ते श्रेय त्याचंच. २६ मार्च १९६६ ला गट रीतसर स्थापन झाला तेव्हा ६० हून जास्त बायका जमल्या. इतक्या बायका काही तीन महिन्यांत शिवायला शिकल्या नव्हत्या.

आता कामाची पद्धत बघा, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. तिथल्या गोधडीला तीन थर असतात: वरचा जोडकामाचा, मधला कापसाचा, खालचं अस्तर. वरचा थर एकेक बाई बहुधा एकटीच जोडते. जुन्या पँटी, सदरे, पिठाची पोती, जे मिळेल ते. रंग कुठे, पट्टी किती रुंद, हे तिचं तिनं ठरवायचं. मग तिन्ही थर लाकडी चौकटीवर ताणतात आणि चौघीजणी चार बाजूंनी बसून टाके घालतात. आज हिची, उद्या तिची. गप्पा, भजनं, प्रार्थना, कोणाच्या घरी काय झालं, कोणाला मालकाने बोलावलं, हे सगळं या दुसऱ्या टप्प्यात. म्हणजे एकाच वस्तूत दोन प्रकारचं काम आहे. एकावर नाव टाकता येतं, दुसऱ्यावर नाही. आपल्या पुराव्यांत पहिलंच टिकतं.

याचं एक ठळक उदाहरण १९३७ चं आहे. सरकारने पाठवलेला छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीन जीज् बेंडला गेला होता. त्याच्या एका प्रसिद्ध छायाचित्राखालच्या ओळीत गोधडी शिवणाऱ्या जोरेना पेटवेचं नाव आहे, जेनी पेटवेचं आहे, आणि तिसरीबद्दल फक्त 'आणखी एक मुलगी' एवढंच. ती त्याच खोलीत आहे, त्याच चित्रात आहे. छायाचित्र, हिशेबाची वही, मुलाखत, काहीही हातात आलं की आधी शोधा, यातली 'आणखी एक मुलगी' कोण.

गट झाल्यावर काम बदललं. न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्ससारख्या दुकानांतून मागणी आली, पण दुकानाला एकसारखा माल लागतो. ठरलेले नमुने, ठरलेली मापं, सरळ कडा. 'बेअर्स पॉ', म्हणजे अस्वलाचा पंजा, हा नमुना गटाची ओळखच बनला. ज्या बायकांनी जन्मभर मनाला येईल तशी पट्टी लावली, त्यांना माप धरून शिवणं जड गेलं असणार. जीज् बेंडच्या अनेक जणी गटापासून लांब राहिल्या किंवा येऊन-जाऊन राहिल्या, त्याचं एक कारण हेही होतं. पण यावरून 'बाजाराने कला मारली' असं लगेच लिहू नका. शेतमजुरी सोडता पैसे मिळवण्याची दुसरी वाटच नव्हती, आणि ज्या बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःची मजुरी आली तिच्या बाजूने हा व्यवहार वेगळा दिसतो. अनेक वर्षं गटाची धुरा सांभाळणाऱ्या एस्टेल विदरस्पूनचं नाव यासाठी घ्यायलाच हवं. वह्या, मागण्या, बाहेरची माणसं, गावातली भांडणं, सगळं त्या एका बाईच्या टेबलावर येत होतं.

गटाने साठच्या दशकाच्या अखेरीस अल्बर्टाजवळ २३ एकर जमीन घेतली. १९६९ मध्ये तिथे शिवणकेंद्र उभं राहिलं, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने. कागदावर ही 'मालमत्ता खरेदी' आहे. पण त्याच जमिनीतले आठ तुकडे गटाने अशा कुटुंबांना विकले ज्यांना मतनोंदणी केली, चळवळीत गेले म्हणून घराबाहेर काढलं होतं. मी वर जमिनीची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली ती यासाठी. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना मत देणं परवडत होतं, ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्यासाठी आता चौकटीभोवती बसणाऱ्या बायकांची जमीन होती. मैत्रीचा पुरावा शोधताय ना? तो पत्रांत, डायऱ्यांत सापडेलच असं नाही. कधी तो खरेदीखतात असतो.

१९८७ मध्ये नॅन्सी कॅलहनचं या गटावरचं पुस्तक आलं. ते बायकांच्या मुलाखतींवर उभं आहे, म्हणून अजूनही आधी तेच वाचा. नंतर संग्रहालयांचा काळ आला. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज् बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. भिंतीवरच्या प्रत्येक गोधडीखाली एक नाव. इतकी वर्षं निनावी राहिलेल्या बायकांना ते मिळालं हे चांगलंच झालं. पण एक नाव आलं की हक्काचा प्रश्नही येतो. २००७ मध्ये अॅनी मे यंग, लॉरेटा पेटवे आणि आणखी एका बाईने या गोधड्या गोळा करणाऱ्या आर्नेट कुटुंबावर दावे लावले. मोबदला आणि नाव-नक्षीचा वापर यावरून वाद होता. २००८ मध्ये ती प्रकरणं मिटली. गंमत अशी की गटाच्या नमुन्यातल्या, एकसारख्या, मिळून शिवलेल्या गोधड्यांवर संग्रहालयाचं लक्ष फारसं गेलं नाही.

तरी एक धागा दोन्हीकडे जातो. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीने गटाला कॉर्डुरॉयची उशांची आवरणं शिवायचं काम दिलं. कंटाळवाणं काम, रोज तेच. पण आवरणं कापून उरलेले तुकडे बायका पिशव्यांत भरून घरी न्यायच्या, आणि तिथून ते बहिणींकडे, जावांकडे, शेजारणींकडे, गटात कधी पाऊल न टाकलेल्या मैत्रिणींकडे जायचे. सोनेरी, केशरी, लाल, शेवाळी हिरवा. सत्तरच्या दशकातल्या जीज् बेंडच्या गोधड्यांत हे रंग पुन्हा पुन्हा दिसतात. गट २०१२ मध्ये बंद झाला. संग्रहालयातल्या एखाद्या गोधडीत कॉर्डुरॉयची पट्टी दिसली, तर खालचं नाव वाचून झाल्यावर तिला तो तुकडा कोणी दिला असेल ते विचारा.